औंध संस्थानची पायरीची निवडणूक : कुंडल तालुक्याच्या निमित्तानें कांहीं विचार

राष्ट्रपतीची निवड प्रजेनें प्रत्यक्ष न करितां प्रजेच्या प्रतिनिधींनीं करावी, ही रीत लोकसत्तेस धरून आहे कीं नाहीं, हा वाद आपल्या राज्यघटनेइतकाच जुना आहे. घटनासमितींत प्रा. के. टी. शहा यांनीं प्रत्यक्ष निवडणुकीचा आग्रह धरिला. राष्ट्रपति हा नामधारी प्रमुख असल्यामुळें सर्व देशाचें मतदान घेण्याचें कारण नाहीं, असा डॉ. आंबेडकरांचा पक्ष होता व तोच मान्य झाला. या वादास उपयोगी पडेल असें एक प्रमाण कुंडलास मिळतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

सध्यां सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत असलेलें कुंडल १९४८ पर्यंत औंध संस्थानांत मोडत असे. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे त्या संस्थानचे तालुके असून खेडीं सुमारें ७२ होतीं. राजेसाहेब भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि यांनीं २१ जानेवारी १९३९ रोजीं प्रजेस राज्यघटना दिली. तिच्या रचनेंत राजपुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांचा हात असून महात्मा गांधींचा सल्ला होता. गांवच्या मतदारांनीं पांच पंच निवडावे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुकासमिति व्हावी आणि तिनें विधिमंडळांत आपले प्रतिनिधि धाडावे, असा हा पायऱ्यांचा क्रम होता.

आतां पूर्वपक्ष असा कीं, मतदार व सत्ताधीश यांच्यामध्यें जितके मध्यस्थ, तितकी लोकसत्ता क्षीण. उलटपक्षीं, कुंडलचा शेतकरी विधिमंडळांतील सभासदास ओळखीलच असें नाहीं. आपल्या पंचास मात्र तो रोज पाहतो व चावडीवर जाब विचारूं शकतो. हें उत्तर आम्हांस ग्राह्य वाटतें. जुन्या महजरांवर पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या निशाण्यांपर्यंत सारें गांव उमटलेलें दिसतें. पण गोतसभेंत ते बसत ते वतनाच्या हक्कानें. १९३९ सालीं तें आसन मतानें मिळूं लागलें, हा भेद लहान नव्हे.

तथापि दोन दोष झांकतां येत नाहींत. पहिला साक्षरतेच्या अटीचा. गांधीजींनीं १९३९ च्या जानेवारींत ‘हरिजन’ पत्रांत या अटीचें समर्थन केलें आणि सहा महिन्यांत निरक्षरता घालविण्याचें अप्पासाहेबांचें आश्वासनही नमूद केलें. आम्हीं सारें आयुष्य मुलांस अक्षरें शिकविण्यांत घालविलें. तरीही आमचें मत या अटीच्या विरुद्ध आहे. शाळा न देणें हा राज्याचा दोष. त्याचा दंड निरक्षर कुळानें कां भरावा? पहिलीच पायरी अरुंद असेल, तर वरच्या पायऱ्या कितीही रुंद असून व्यर्थ.

दुसरा दोष वजनाचा. अध्यक्ष कुंडलसारख्या मोठ्या गांवचा असो वा एखाद्या लहान खेड्याचा, तालुकासमितींत दोघांचें स्थान सारखें. मागील प्रजा मात्र सारखी नव्हे. अमेरिकेंत ५३८ निर्वाचकांच्या वाटणींत प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर समान धरले जातात, त्यामुळें लहान राज्यें वजनदार ठरतात. त्यांतच बहुतेक राज्यांत विजयी पक्षास सर्व निर्वाचक मिळतात. २००० व २०१६ सालीं लोकांचीं मतें कमी मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला, तो या रीतीमुळें.

भारतीय घटनेनें हा दोष ओळखिला. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तीस विधानसभेच्या २८८ जागांनीं व पुन्हा एक हजारानें भागिलें असतां आमदाराच्या मताचें मूल्य १७५ येतें. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचें २०८, तर सिक्किमच्या आमदाराचें अवघें ७. येथें आमदार मोजला जात नसून त्याच्या मागील प्रजा मोजली जाते. शिवाय मत पसंतिक्रमाचें असतें. १९६९ सालीं व्ही. व्ही. गिरि यांस ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांस ३,१३,५४८ व आपले चिंतामणराव देशमुख यांस १,१२,७६९ मतें पडलीं. कोणासही निर्भेळ बहुमत नसल्यानें पुढील पसंती मोजाव्या लागल्या आणि गिरि ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. देशमुखांच्या मतदारांचें मत अशा रीतीनें वायां गेलें नाहीं. उणें एवढेंच कीं, गणित अद्यापि १९७१ च्या शिरगणतीवर थांबलें आहे.

तात्पर्य, अप्रत्यक्ष निवडणूक स्वभावतः अन्यायाची नव्हे. पहिली पायरी सर्वांस मोकळी असावी, प्रत्येक पायरीवर प्रजेचें वजन सारखें राहावें आणि निवडणाऱ्यास निवडलेल्याचा जाब घेतां यावा, या तीन कसोट्या. औंधची घटना तिसरींत उतरली, पहिल्या दोहोंत उणी पडली. पण संस्थानिकानें आपण होऊन सत्ता सोडिली, त्या काळीं एवढें करणारे विरळाच.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पेशवाईच्या रुमालांइतकाच आदर या अलीकडील कागदांस मिळत नाहीं. कुंडल परिसरांतील जुन्या घरांतून पंचायतीची वही, मतदारांची यादी किंवा सभेची सूचना आढळल्यास ती रद्दींत जाऊं देऊं नये. आपल्या खेड्यांनीं मत देण्यास प्रारंभ कसा केला, याची साक्ष तेच कागद देतील.