टेपांची पेटी आणि उपग्रहाचा दुवा

आज तुम्ही इंदूरला आणि तुमचा जोडीदार हैदराबादला बसून एकच प्रोग्रॅम लिहू शकता. 1985 पूर्वी परदेशी ग्राहकाचे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यापुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. एक तर स्वतः विमानात बसायचे, नाहीतर प्रोग्रॅम चुंबकीय टेपवर उतरवून ती टेप पाठवायची. पहिली वाट जास्त रुळली. आपली सुरुवातीची सॉफ्टवेअर निर्यात ही बरीचशी माणसांचीच निर्यात होती.

1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळूरला केंद्र काढले आणि उपग्रहामार्फत स्वतःचा दुवा उभारला. दूरसंचार पूर्णपणे सरकारच्या हाती असताना अशी परवानगी मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. (तबकडी अँटेना बैलगाडीतून आणल्याची हकीकत अजून चवीने सांगतात.) पुढे 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली. पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर ही तिची पहिली केंद्रे. त्यामुळे लहान कंपन्यांनाही सेकंदाला 64 किलोबिट वेगाची आंतरराष्ट्रीय लाइन भाड्याने मिळू लागली.

आता थोडा हिशेब करू. या वेगाने एक मेगाबाइट पाठवायला सुमारे 125 सेकंद लागतात. त्या काळच्या मोठ्या टेपमध्ये साधारण 140 मेगाबाइट मावत. म्हणजे एका टेपला जवळजवळ पाच तास. वीस टेपांची पेटी असेल तर चार दिवस! तेवढ्यात ती पेटी विमानानेही पोहोचली असती. इथे वर्गातली मुले हमखास विचारतात, "सर, मग दुव्याने साधले काय?"

टेपने पाठवा, एका ओळीच्या दुरुस्तीलाही पेटीइतकेच दिवस लागतात. दुव्यावरून 80 अक्षरांची ओळ सेकंदाच्या शंभराव्या भागात निघते. उपग्रह 36,000 किलोमीटर उंचीवर असल्याने वर पाव सेकंद धरा. टेलेक्स आणि ट्रंक कॉल होतेच, पण त्यांवरून प्रश्न विचारता येई, प्रोग्रॅम चालवून पाहता येत नसे. दुवा आल्यावर भारतातल्या टर्मिनलवर बसून दूरच्या संगणकावर काम करता येऊ लागले. चूक केली, पाहिली, सुधारली, पुन्हा चालवली. क्षमतेपेक्षा हा फेरा लहान होणे मोलाचे होते, असे माझे मत आहे. परीक्षेत मात्र सगळे क्षमतेवरच लिहितात.

अर्थात पलीकडे माणूस जागा हवा. डॅलसमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बंगळूरला रात्रीचे साडेआठ झालेले असतात. संध्याकाळी निघताना अर्धवट लिहिलेला प्रश्न पाठवला, तर सकाळी उत्तराऐवजी उलट प्रश्न येतो आणि एक दिवस बुडतो. म्हणून या केंद्रांत चुकीची नोंद लिहिण्याची शिस्त लागली: काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले. आणि बोलणे अटळच असेल, तर रात्री साडेआठला ऑफिसात थांबायचे ते बहुधा आपल्याच माणसाने.