अब्बांचा पाट आणि भाच्याचा पॅड

आमच्या घरी एक पाट होता. त्यावर जेवायला कुणी बसत नसे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून त्यावर खिळ्यांनी ठोकलेला होता. अब्बा लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवीत. सुपारी नसेल त्या दिवशी या पाटावर हात घोटीत. चाळीत ड्रम काढला की शेजारी भांडायला येत, पाटाची टपटप मात्र सगळे सहन करीत.

परवा भाच्यानं विचारलं, "मामू, प्रॅक्टिस पॅड कुठला घेऊ? दुकानात दहा तऱ्हा आहेत." पाट आठवला, आणि वाचलेला थोडा इतिहासही.

जुना अमेरिकन पॅड म्हणजे अब्बांच्या पाटाचा सख्खा भाऊच. लाकडाचा उतरता ठोकळा आणि वर रबराचा तुकडा. उतार अशासाठी, की खांद्यावरच्या पट्ट्याला लटकलेला साइड ड्रम तिरकाच राहतो. अशा ठोकळ्यांच्या काळात बोस्टनला जॉर्ज लॉरेन्स स्टोन नावाचे शिक्षक होते. वडील ड्रम बनवणारे, शिकवणारे. मुलानं १९३५ साली 'स्टिक कंट्रोल' हे पुस्तक काढलं. आजही ड्रम शिकणारा या पुस्तकापाशी येतोच. पहिल्या पानावर दुसरं काही नाही : उजवा, डावा, उजवा, डावा. मग डाव्यापासून सुरुवात. मग दोन उजवे, दोन डावे. प्रत्येक ओळ न थांबता वीस वेळा. अगदी पाढेच! पण उजव्या हाताला जे दिलं तेच डाव्याला द्यायचं, हा त्यातला हिशेब. अब्बांनी हे पुस्तक पाहिलेलं नव्हतं. ते मला म्हणत, "डावा हात काय सावत्र आहे रे? त्यालाही तेवढंच वाढ."

स्टोन यांचा एक शिष्य होता जो मोरेलो. नजर अधू, आधी व्हायोलिन वाजवणारा. गुरूनं दिलेल्या साध्या ओळींत हा मनानं आघात घालू लागला. स्टोन रागावले नाहीत. १९६१ साली त्यांनी दुसरं पुस्तक काढलं, 'अॅक्सेंट्स अँड रिबाउंड्स', आणि ते मोरेलोला अर्पण केलं. आघात आणि उसळी! मधल्या काळात, १९५८ साली, मोरेलो डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीबरोबर भारतात येऊन गेला होता. मुंबईत ब्रूबेक आपल्या उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवायला बसले, तर मद्रासला मोरेलो मृदंगम् वाजवणाऱ्या पळनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्यासमोर. तिथं हातात काठी नाही, नुसती बोटं. काय वाटलं असेल त्याला!

उसळीचं म्हणाल तर पॅडची सारी निवड तिथंच आहे. पूर्वी ड्रमवर चामडं असे. पावसाळ्यात ते सैल पडे, अब्बा कागद पेटवून शेकत. १९५७ साली रेमो बेली यांनी लॉस एंजलिसला प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याचा कारखाना काढला आणि हवामानाची कटकट गेली. तोच पडदा पुढे पॅडवर आला. खाली फोम, वर ताणलेला पडदा. त्यावर काठी ड्रमसारखी उडते, पण आवाज मोठा. भाच्याचं घर दीड खोलीचं, भिंतीला भिंत लागून. म्हणजे तो बाद.

दुसरं टोक उशी. तिच्यावर आवाज नाही नि उसळीही नाही. काठी प्रत्येक वेळी मनगटानं उचलावी लागते. दहा मिनिटं ठीक, पण तासभर केलं तर मूठ आवळायची सवय लागते आणि खऱ्या ड्रमवर गेल्यावर हात अडतो. उलट फार उड्या मारणारं रबरही फसवं. ते तुमचं काम स्वतःच करतं आणि आपला हात तयार झाला असं वाटू लागतं. मला वाटतं, शिकणाऱ्याचा खरा शत्रू हाच, उशी नव्हे.

म्हणून मधलं रबर, जाड लाकडी तळाचं, काठ्या आपटल्यावर न सरकणारं. आणि इतका तरी आवाज हवा, की डोळे मिटून बसलेल्याला उजवा कुठला नि डावा कुठला ते कळावं. अब्बा माझी परीक्षा तशीच घेत. भिंतीकडे तोंड करून बसत आणि डावा दुबळा पडला की न वळता हात वर करीत. त्यांचा हात वर गेला नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. शेवटी मी काठ्या ठेवल्या नि शब्दांकडे वळलो. बोलले काही नाहीत. पाट मात्र माळ्यावर टाकला.

भाच्यासाठी आठ इंची रबरी पॅड आणला. त्यानं पहिलं पान काढलं, मी भिंतीकडे तोंड करून बसलो. चौथ्या ओळीला माझा हात वर गेला. "मामू, तुम्हाला कसं कळलं?" म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेजारून अजून तरी कुणी आलेलं नाही.