एको नेमका कोणाचा?

ऑनलाइन मीटिंगमधला नेहमीचा सीन. आपण बोलतोय आणि अर्ध्या सेकंदाने आपलंच वाक्य आपल्या कानात परत येतंय! मग आपण आपला माइक तपासतो, सेटिंग्ज उलथीपालथी करतो, मशीन रिस्टार्ट मारतो. उपयोग शून्य. कारण लोचा बहुतेक वेळा आपल्याकडे नसतोच. हे समजायला थोडं टेलिफोनच्या इतिहासात शिरावं लागतं.

घरी येणारी फोनची लाइन दोन तारांची. लांब पल्ल्याच्या लाइनवर मात्र जायला एक जोडी, यायला दुसरी. जिथे या चार तारांच्या दोन होतात, तिथे थोडा आवाज गळतो आणि बोलणाऱ्याकडे परत फिरतो. म्हणजे गळती पलीकडे आणि ताप आपल्याला! जवळच्या कॉलवर तो इतक्या चटकन परतायचा की कळायचंही नाही.

लांबच्या कॉलसाठी 1920च्या दशकात अमेरिकेत 'एको सप्रेसर' आले. एक जण बोलत असला की परतीची वाट बंद. पण 1965 मध्ये 'अर्ली बर्ड' उपग्रह आला आणि गणित बिघडलं. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, एको परतायला अर्धा. सप्रेसर लावला तर मध्येच बोलणाऱ्याचे शब्द कापले जाणार. 1970च्या दशकात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या आर्वीच्या विक्रम केंद्रातून परदेशी कॉल जायचे, त्यांनाही हे अंतर चुकलं नव्हतं.

खरा तोडगा बेल लॅब्समध्ये निघाला. तिथल्या मंडळींत जॉन केली होते आणि दिल्ली व बंगलोरला शिकलेले मनमोहन सोंधीही. वाट बंद करायचीच कशाला? पलीकडून आलेल्या आवाजाची प्रत ठेवा, तो कसा परतेल याचा अंदाज बांधा आणि तेवढाच वजा करा. चूक उरली की अंदाज सुधारा. केली 1965 मध्ये गेले, 41 व्या वर्षी. सोंधींचा पेपर 1967 मध्ये आला. हे सगळं एका चिपवर मावायला 1980 उजाडलं.

आज हीच वजाबाकी आपल्या लॅपटॉपमध्ये चालते. फक्त तारांच्या जागी खोली आली: स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून माइकमध्ये शिरतो. आणि लॅपटॉपला ठाऊक असतो तो फक्त स्वतःच्या स्पीकरचा आवाज. म्हणून एकाच खोलीत दोघे जण आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन झाले, की बिचाऱ्याचं गणित कोलमडतं.

तर मंडळी, तात्पर्य असं. स्वतःचा आवाज परत ऐकू आला तर आपला माइक सोडा, बाकीच्यांना एकेक करून म्यूट करायला सांगा. ज्याच्या म्यूटने एको थांबला, गळती त्याच्याकडे. त्याला हेडफोन लावू द्या किंवा खोलीतला दुसरा लॅपटॉप गप्प करा. आणि सगळ्यांना तुमचा एको येतोय पण तुम्हाला मात्र सगळं झकास ऐकू येतंय? मग जरा आपल्याच स्पीकरकडे बघा!

मीटिंगमध्ये "तुझाच माइक खराब आहे" म्हणून नेहमी नवख्या पोराला झापलं जातं. पुढच्या वेळी निदान एवढं तरी सांगा, की ज्याला एको ऐकू येतो तो बहुतेकदा निर्दोष असतो. हे शंभर वर्षांपूर्वीच्या टेलिफोनवाल्यांनाही माहीत होतं.