आजवा ते सारोद : नगरमालिन्याच्या इतिहासातील एक प्रकरण

नगरांचा इतिहास लिहिताना आपण सहसा राजवाडे, पेठा, दरवाजे, ग्रंथालये आणि विद्यालये यांचा विचार करतो. नगरात पाणी कोठून आले याचाही उल्लेख इतिहासकार आवर्जून करतात; कारण प्रजेसाठी पाणी आणणे हे राजधर्माचे आणि कीर्तीचे काम मानले गेले आहे. परंतु तेच पाणी वापरून झाल्यावर कोठे गेले, भट्ट्यांचा धूर कोणाच्या अंगणात उतरला, कारखान्यांचा गाळ कोणत्या गावच्या शिवारात पडला, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच विचारले जातात. आज जगातील अनेक नगरांची हवा व पाणी ज्या अवस्थेस पोचले आहे, तिची कारणे समजून घ्यावयाची तर हे प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. प्रस्तुत लेखात ते बडोद्याच्या संदर्भात विचारावयाचे आहेत. तथापि त्यापूर्वी इतर देशांचा अनुभव थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

नगरमालिन्य ही केवळ यंत्रयुगाची निर्मिती आहे, असा एक समज आहे. तो पूर्णांशाने खरा नाही. लंडनमध्ये दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध राजाज्ञा निघाली ती चौदाव्या शतकाच्या प्रारंभीच, पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत. पुढे १६६१ साली जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने याच धुरावर एक पुस्तिका लिहून राजाला सादर केली. त्याने सुचविलेला उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे. धूर करणारे धंदे नगरातून उठवून थेम्स नदीच्या खालच्या अंगास काही मैलांवर न्यावेत आणि नगराभोवती सुगंधी झाडे लावावीत, असे त्याचे म्हणणे होते. धूर कमी करावा, यापेक्षा तो आपल्यापासून दूर व्हावा, याकडे त्याचा कल होता.

पुढील दोनशे वर्षांत लंडनने पाण्याच्या बाबतीत नेमके हेच केले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीमुळे नदीकाठच्या पार्लमेंटच्या सभासदांना बसणे अशक्य झाले, तेव्हा कोठे जोसेफ बॅझलगेट या स्थापत्यविशारदाच्या भव्य भुयारी गटारांना पैसा मिळाला. त्या गटारांनी लंडनमधील पटकीचा उच्छेद होण्यास मोठे साहाय्य झाले, हे निर्विवाद आहे. पण सारा मैला नगराच्या पूर्वेस, बार्किंग व क्रॉसनेस येथे, नदीतच सोडला जात असे. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ नावाची उतारूंची आगबोट तेथून जवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. नुकत्याच सोडलेल्या मैल्याने पाणी भरलेले होते, आणि त्यामुळे वाचू शकली असती अशी माणसेही गेली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. त्यानंतर मैल्यातील गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकण्याची पद्धत सुरू झाली. ती १९९८ पर्यंत चालू होती. नगरातून नदीत, नदीतून मुखाकडे आणि मुखातून समुद्रात असा हा प्रवास आहे.

हवेचा इतिहास याहून निराळा नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धूरमिश्रित धुके साचले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तत्कालीन अंदाज चार हजारांचा होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा या आपत्तीतून जन्मास आला व त्याचा लाभही झाला. परंतु विद्युत्केंद्रांची धुराडी उंच बांधली गेली, तेव्हा त्यांतील गंधकाचा अंश वाऱ्याबरोबर दूर गेला आणि नॉर्वे व स्वीडनमधील सरोवरांवर आम्ल पावसाच्या रूपाने उतरला. जपानमधील मिनामाताची कथा तर सर्वश्रुत आहे. तेथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांच्या वाटे माणसांच्या शरीरात परतला. त्या रोगाची पहिली अधिकृत नोंद १९५६ ची. कारण सरकारने मान्य केले ते १९६८ साली. मधल्या बारा वर्षांत कारखाना चालू होता आणि कोळ्यांची मुले आजारी पडत होती.

आता बडोद्याकडे वळू. १८८१ च्या डिसेंबरात सयाजीराव महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्यापूर्वी सर टी. माधवराव यांच्या दिवाणगिरीत राज्यकारभाराची घडी बसविली गेली होती. विश्वामित्रीच्या काठची कमाठी बाग त्याच काळातील. नगराला मात्र विहिरी, वावी, तलाव आणि नदी यांवरच अवलंबून राहावे लागे. ही उणीव दूर करण्यासाठी १८८५ मध्ये नगराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर आजवा येथे सूर्या नदीवर मातीचे धरण बांधण्यास प्रारंभ झाला. १८९२ पासून सयाजी सरोवराचे पाणी बडोद्यास मिळू लागले. सरोवर उंचावर असल्यामुळे पंपाच्या साहाय्याशिवाय, केवळ उताराने, ते नगरात येत असे. १८९१ च्या शिरगणतीत बडोद्याची वस्ती सुमारे १ लक्ष १६ हजार होती. एवढ्या लोकांना नळाचे स्वच्छ पाणी घरी मिळणे ही त्या काळी हिंदुस्थानात मोठी गोष्ट होती, आणि बडोद्याच्या मराठी माणसास तिचा आजही अभिमान वाटतो. तो अभिमान यथार्थ आहे.

परंतु या प्रकरणाची एक दुसरी बाजू आहे. सूर्या ही विश्वामित्रीचीच उपनदी. पावागडच्या डोंगरात उगम पावून बडोद्याच्या मध्यातून वाहणारी आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाणारी विश्वामित्री मुळातच पावसाळी नदी आहे. तिच्या पाण्याचा एक वाटा वरच अडविला गेला आणि नळाने नगरात आला. नळाने आलेला प्रत्येक हंडा सांडपाणी होऊन नदीकडे उतरू लागला. वस्ती लाख-दीड लाखाची होती तोवर नदीने ते सोसले. १९५१ मध्ये ती दोन लक्षांवर गेली आणि २०११ मध्ये १६ लक्ष ७० हजारांच्या घरात पोचली. आज अटलादरा, तरसाली, गाजरावाडी येथे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत. तरीही उन्हाळ्यात विश्वामित्रीच्या पात्रात जे वाहते, त्यात नदीचे पाणी किती आणि नगराचे किती, हे पुलावर क्षणभर उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. त्या पाण्यात सुसरी अद्याप टिकून आहेत, ही निसर्गाची सहनशक्ती समजावी. नदीच्या आरोग्याचा दाखला म्हणून तिचा उपयोग करणे योग्य होणार नाही.

उद्योगधंद्यांचा प्रवेश बडोद्यात याच सुमारास झाला आणि तोही विद्येच्या दाराने. १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना झाली. त्याचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९०७ साली अलेम्बिक कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत गज्जर यांच्याबरोबर भाईलाल अमीन आणि प्रा. कोटीभास्कर यांची नावे येतात. स्वदेशीच्या त्या काळात रसायनांचा कारखाना काढणे हे देशकार्यच होते. म्हणून उद्योगाला सरसकट दोष देणे अनैतिहासिक ठरेल. ज्या पिढीने परदेशी औषधांना पर्याय निर्माण केला, तिच्यापुढे कारखान्याच्या सांडपाण्याचा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा नव्हता.

तो प्रश्न उभा राहिला स्वातंत्र्योत्तर काळात. १९५८ मध्ये खंभात येथे व १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले आणि बडोद्याचे भवितव्य पालटले. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्याची पायाभरणी झाली; रशियाच्या साहाय्याने उभारलेला हा कारखाना १९६५ च्या ऑक्टोबरात चालू झाला. आरंभी त्याची शक्ती वर्षाला वीस लक्ष टनांची होती, ती पुढे एक कोटी टनांच्या पलीकडे गेली. १९६७ मध्ये राज्याच्या खत कारखान्याने उत्पादन सुरू केले, १९६९ मध्ये पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नंदेसरी येथे लहान रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली. हजारो कुटुंबांना अन्न मिळाले. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ होती.

या कारखान्यांचे दूषित पाणी प्रारंभी मिनी नावाच्या लहानशा नदीवाटे महीकडे जात असे. आणि मही तर बडोद्याची पाणपोई होऊ लागली होती. आजव्याचे पाणी अपुरे पडू लागल्यावर फाजलपूर, राइका, दोडका, पोइचा येथे महीच्या पात्रात खोल विहिरी घेऊन नगराची तहान भागविण्यात आली. ज्या नदीचे पाणी प्यावयाचे तिच्यातच रसायने सोडावयाची, ही विसंगती उघड होती. तिच्यावर उपाय म्हणून एक मोठा कालवा काढण्यात आला. धनोरा येथून निघून सुमारे ५५ किलोमीटर जाणारा हा कालवा १९८३ मध्ये चालू झाला. कारखान्यांनी आपापले पाणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुद्ध करावे, मग ते या कालव्यात सोडावे, आणि कालव्याने ते भरूच जिल्ह्यातील जंबुसर तालुक्यात सारोद गावाजवळ महीच्या मुखाशी, आखाताच्या भरती-ओहोटीच्या पाण्यात पोचवावे, अशी ही योजना.

या योजनेचा हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. तिने महीच्या वरच्या पात्रास दिलासा दिला. परंतु तिचा नकाशा समोर ठेवला की एव्हलिनची आठवण झाल्यावाचून राहत नाही. महीचे पाणी आपण वरच्या अंगास घेतो आणि वापरून झालेले रासायनिक पाणी तिच्याच मुखाशी नेऊन सोडतो. वाटेतील पाद्रा व जंबुसर तालुक्यांतील गावांनी विहिरींचे पाणी रंगल्याच्या आणि बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या आहेत. पाण्याच्या ओढीने काही शेतकऱ्यांनी त्या कालव्याचे पाणी शेतालाही घेतले. मुखाशी राहणारे कोळी या व्यवहारात कोणाचेच पक्षकार नव्हते. त्यांना कोणी विचारले नाही. आजव्याहून पाणी येते ते बडोद्याच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. सारोद हे नाव मात्र किती शिक्षकांनी ऐकले असेल?

कायदे झाले नाहीत असे नाही. धुराविषयी कलकत्त्यात १९०५ मध्ये आणि मुंबईत १९१२ मध्येच कायदे झाले होते. पाण्यासंबंधीचा कायदा १९७४ चा, हवेसंबंधीचा १९८१ चा, आणि भोपाळच्या आपत्तीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. बडोद्यातील पर्यावरण सुरक्षा समितीने २०१२ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निर्णय दिला, की सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा प्रत्यक्ष चालू असल्यावाचून कोणताही कारखाना चालू ठेवता येणार नाही. १९७४ च्या कायद्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी हे पुन्हा सांगावे लागले, यातच पुष्कळ काही आले. विश्वामित्रीविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये आदेश दिले. आणि ऑगस्ट २०२४ च्या महापुरात नदी नगरात शिरली, तेव्हा तिच्या घळी व पूरमैदाने आपण किती बुजविली होती, हे घराघरांत कळले.

हवेची गोष्टही अशीच. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात बडोद्याचा समावेश आहे. अतिसूक्ष्म धूलिकणांचे वार्षिक प्रमाण दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा ४० आहे. वाहने, बांधकामाची धूळ, कचऱ्याचे ज्वलन आणि कारखाने ही कारणे सर्वत्र सारखीच. श्वास मात्र कालव्याने दूर नेता येत नाही. म्हणूनच हवेच्या बाबतीत नगरवासी अधिक लवकर जागे होतात, असे इतिहास सांगतो.

या सर्व विवेचनातून नगरमालिन्याचे एक मूलभूत कारण स्पष्ट होते. लोकसंख्या, यंत्रे, कोळसा, तेल ही निमित्ते आहेत. मूळ कारण हे की, मालिन्य निर्माण करणारा आणि ते सोसणारा हे एका ठिकाणी राहत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये नगरपालिकेची, तालुक्याची वा देशाची हद्द आडवी येते. पार्लमेंटच्या खिडकीपर्यंत दुर्गंधी पोचली तेव्हा लंडन हलले. मिनामाताचे कोळी राजधानीपासून दूर होते, म्हणून बारा वर्षे गेली. यावर कोणी म्हणेल, की सारे शुद्धीकरण उगमापाशीच करणे खर्चाचे आहे. ते खरे आहे. परंतु तो खर्च आज होत नाही असे मानणे चूक ठरेल. तो कारखान्याच्या वहीत न चढता शेतकऱ्याच्या विहिरीत आणि कोळ्याच्या जाळ्यात चढतो.

आपण शिक्षक याविषयी काय करू शकतो? कारखाने व पालिका आपल्या हाती नाहीत. भूगोलाचा आणि इतिहासाचा तास आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात जिल्ह्याचा नकाशा काढताना आजव्याचे सरोवर दाखविले जाते, तेथे धनोऱ्यापासून सारोदपर्यंतची रेघही ओढावी. वर्षातून एक सहल सयाजी सरोवराकडे जात असेल, तर एक जंबुसरच्या बाजूसही न्यावी आणि तेथील लोकांशी मुलांना बोलू द्यावे. सयाजीराव महाराजांनी प्रजेला पाणी दिले, त्याबरोबर सक्तीचे शिक्षणही दिले. त्या शिक्षणाचा उपयोग आपल्या घरातील पाणी कोठून येते एवढेच सांगण्यापुरता राहिला, तर ते अपुरे म्हणावे लागेल. ते पाणी घरातून निघाल्यावर कोणाच्या दाराशी जाते, हेही आपल्या विद्यार्थ्यांना सांगता आले पाहिजे.