सिंग नावाचा माणूस शोधताना: इम्पीरियल काउंटीची दप्तरं

संशोधन-पद्धतीच्या तासाला 'प्राथमिक साधनं वापरा' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती साधनं कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, आणि त्यात एखादा माणूस शोधायला बसलं तर हाताला नेमकं काय लागतं, हे सांगेपर्यंत तास संपतो. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बोलू. ठिकाण आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची इम्पीरियल काउंटी. काळ साधारण १९१० ते १९५०. आणि शोधायचाय तो पंजाबातून तिथे गेलेला, शेती करणारा, सिंग नावाचा एक माणूस. हा कुणी खरा एकटा माणूस नाही. त्याच्यासारखे शेकडो होते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. इम्पीरियल काउंटी मेक्सिकोच्या सीमेला चिकटून आहे. मूळचं वाळवंट. १९०१ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं तिथे आलं, १९०७ मध्ये सॅन दिएगो काउंटीतून तुकडा काढून ही नवी काउंटी झाली, एल सेंट्रो हे तिचं मुख्य ठाणं. पाण्यामागोमाग माणसं आली: मेक्सिकन, जपानी, कृष्णवर्णीय अमेरिकन, फिलिपिनो, पंजाबी, आणि जमिनी व बँका ज्यांच्या हातात होत्या ते गोरे. कापूस, खरबूज, लेट्यूस अशी पिकं. इतक्या तऱ्हेच्या माणसांची नोंद करणारे कारकून मात्र बहुतेक एकाच तऱ्हेचे होते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता तीन कायदे. ते माहीत नसतील तर ही दप्तरं वाचता येणार नाहीत. १९१३ चा कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा: ज्या परदेशी माणसाला नागरिक होण्याचा हक्कच नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. १९२० मध्ये तो आणखी आवळला. १९१७ चा केंद्रीय इमिग्रेशन कायदा: हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना दार बंद, त्यामुळे गावाकडून बायको आणणंही जवळपास अशक्य. आणि १९२३ चा भगतसिंग थिंड खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. म्हणजे १९१३ चा कायदा आता त्याला पुरता लागू.

मग या माणसांनी काय केलं? बऱ्याच जणांनी तिथल्याच मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. हा इतिहास आपल्यासमोर आणला कॅरन लिओनार्ड यांनी. त्या आधी हैदराबादच्या कायस्थांवर काम केलेल्या अभ्यासक. 'मेकिंग एथनिक चॉइसेस' हे त्यांचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. कॅलिफोर्नियातल्या अशा पावणेचारशेच्या आसपास जोडप्यांचा त्यांनी माग काढला आणि त्यांतल्या जवळपास ८० टक्के बायका मेक्सिकन किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या निघाल्या. साधनं काय? काउंटीच्या कचेरीतली लग्नाची, जन्माची, मृत्यूची, जमिनीची, कोर्टाची दप्तरं, आणि त्यांच्या जोडीला वंशजांच्या मुलाखती. पद्धत शिकायची असेल तर हे पुस्तक निष्कर्षांसाठी नाही, तक्ते कसे बनलेत ते बघण्यासाठी वाचा.

आता आपला माणूस. नावावरून शोधायला जाल तर फसाल. सिंग हे आडनाव म्हणून लिहिलं गेलं, आणि ते तर सगळ्यांचंच. कधी शेवटचा 'एच' गळलेला, कधी पहिलं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. अमेरिकेत उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स नावाची एक जुनी पद्धत आहे. वेगवेगळी स्पेलिंगं एका सांकेतिक आकड्याखाली आणायची. एरवी ती वरदानच आहे. इथे मात्र ती सगळे सिंग एका गोणीत भरून तुमच्यापुढे ठेवते.

म्हणून सुरुवात बायकोपासून करायची. स्पॅनिश रिवाजात माणसाला आईचं आणि वडिलांचं अशी दोन आडनावं असतात, त्यामुळे तिचं नाव कितीतरी जास्त नेमकं असतं. लग्नाच्या परवान्यावर दोघांची वयं, जन्मस्थान, आईवडिलांची नावं, आणि साक्षीदार. साक्षीदार विसरू नका. बऱ्याचदा तो शेतीतला भागीदार असतो, आणि त्याचीच बायको ही नवऱ्या मुलीची बहीण निघते. बहिणी-बहिणींनी भागीदार-भागीदारांशी लग्नं केल्याचे अनेक दाखले लिओनार्ड देतात. म्हणजे एक सिंग सापडला नाही तरी त्याचा साडू सापडतो, आणि साडूच्या कागदावर आपला माणूस साक्षीदार म्हणून सही करून बसलेला असतो. आणखी एक: परवाना एल सेंट्रोत मिळेलच असं नाही. काही कारकून वेगळ्या रंगाच्या जोडप्याला परवाना देत नसत, मग जोडपी अॅरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासपर्यंत जाऊन लग्न करून येत. काउंटीच्या हद्दीपाशी शोध थांबवला तर लग्न 'झालंच नाही' असं वाटेल.

सगळ्यात मजेशीर, आणि सगळ्यात धोक्याचा, म्हणजे 'रंग' हा रकाना. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाचं अनेक बिगर-गोऱ्यांशी लग्न कायद्यानं बंद होतं. ती बंदी पेरेझ विरुद्ध शार्प या खटल्यात थेट १९४८ साली उठली. त्यामुळे कारकुनाला परवाना द्यायचा असेल तर दोघांचा रंग एक दिसला पाहिजे. तो दोघांपुढेही 'ब्राउन' लिहून मोकळा होई. दुसरा कारकून दुसरं काही लिही. हा रकाना नवऱ्याबद्दल फारसं सांगत नाही, कारकुनाच्या मनात त्या दिवशी काय होतं ते सांगतो.

जनगणनेत तर याहून गंमत. १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही जनगणनांत वंशाच्या रकान्यात 'हिंदू' असा पर्याय होता, आणि शीख असो की पंजाबी मुसलमान, सगळे त्यातच. १९३० मध्ये, आणि फक्त १९३० मध्ये, 'मेक्सिकन' हाही वेगळा वंश होता. १९४० ला मेक्सिकन परत 'गोऱ्यां'त गेले. म्हणजे तीच बाई, तेच घर, तोच चुलाणा. १९३० मध्ये ती मेक्सिकन, दहा वर्षांनी गोरी. मुलांचं काय? १९३० च्या सूचनांत नियम होता की दोन बिगर-गोऱ्या वंशांच्या मुलाला सहसा बापाचा वंश लावायचा. त्या नियमानं घरात स्पॅनिश बोलणारी, आईबरोबर चर्चला जाणारी पोरं कागदावर 'हिंदू' होतात. वंशाचा फिल्टर लावून ऑनलाइन शोध घेणाऱ्यांनो, इथे जरा थांबा. तो फिल्टर काढा आणि सबंध पान वाचा, वरची पाच घरं आणि खालची पाच घरंही. सलग घरं बहुधा एकाच वाटेवर, एकाच कालव्यालगत असतात.

सैन्यभरतीची कार्डं हे फार दुर्लक्षित साधन आहे. १२ सप्टेंबर १९१८ रोजी १८ ते ४५ वयाच्या पुरुषांना नाव नोंदवावं लागलं, नागरिक नसलेल्यांनाही. त्या कार्डावर जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता विचारलेला आहे. पंजाबातल्या गावाचं नाव मिळायची शक्यता असलेली ही एक मोलाची जागा. शिवाय खाली सही असते. गुरुमुखीतली असो, मोडकी इंग्रजी असो की नुसता अंगठा, ती त्याच्या स्वतःच्या हातची खूण. (त्याच कार्डावर 'इंडियन' असाही एक चौकोन आहे. तो तिथल्या मूळनिवासींसाठी होता, आपल्यासाठी नाही. पण हे भरणाऱ्याच्या लक्षात राहिलंच असेल असं धरून चालू नका.)

आता जमीन. आपल्याकडे सातबारा बघायची सवय असते. गट नंबर माहीत असला की मालक कोण, कूळ कोण, पीक कुठलं, सगळं एका कागदावर. तिथल्या रेकॉर्डरच्या कचेरीत जुनी सूची असते ती नावांची: देणाऱ्यांची एक, घेणाऱ्यांची एक. घेणाऱ्यांच्या सूचीत आपल्या सिंगला शोधाल तर बहुतेक सापडणार नाही. म्हणजे तो शेती करत नव्हता? करत होता. कायद्यानं त्याचं नाव तिथे येऊ दिलं नाही. जमीन कुणा ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या, वकिलाच्या नावावर, किंवा अमेरिकेत जन्मल्यामुळे नागरिक असलेल्या स्वतःच्या मुलांच्या नावावर. बायकोच्या नावावर का नाही? कारण १९२२ च्या केबल कायद्यानुसार, नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. ही तरतूद १९३१ पर्यंत टिकली. तर मुलांची नावं शोधा. आणि मूल अज्ञान असेल तर पालकत्वाचा अर्ज काउंटीच्या कोर्टात शोधा. परदेशी बापाला मुलाच्या जमिनीचं पालकत्व नाकारणारी तरतूद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२२ मध्ये एका जपानी कुटुंबाच्या, यानोंच्या, खटल्यात रद्द केली होती. त्या वाटेनं पुढे पंजाबीही गेले. पालकत्वाच्या फायलीत बापाला वेळोवेळी हिशोब द्यावा लागतो, म्हणजे उत्पन्न, खर्च, सगळं. पीकतारणाच्या नोंदीही बघा. ज्याच्या नावावर इंचभर जमीन नाही तोही उभं पीक गहाण टाकून पैसे उचलतो, आणि सावकार ती नोंद करायला विसरत नाही.

या कागदी व्यवस्थेत सगळं तोंडी विश्वासावर चाले. तो विश्वास तुटला की काय होई, हे १९२५ च्या पाखर सिंग प्रकरणात दिसतं. लेट्यूसच्या पिकावरून वाद झाला आणि त्यानं दोन गोऱ्या माणसांना ठार मारलं. लिओनार्ड यांचा यावर स्वतंत्र लेख आहे. खून तर भयंकरच. पण संशोधकाच्या नजरेनं बघा: पीक कुणाचं, जमीन कुणाच्या नावावर, पैसे कुणी घातले, हे जमिनीच्या दप्तरानं लपवलेलं सगळं खटल्यामुळे उघड्यावर आलं. माझं मत असं झालंय की अशा समाजाचा खरा जमीनधारणेचा इतिहास रेकॉर्डरच्या कचेरीत कमी आणि कोर्टात जास्त सापडतो.

याच काउंटीत वेस्टमोरलंडला दलीप सिंग सौंद राहत होते. बर्कलेहून गणितात पीएच.डी. आणि व्यवसाय शेती. १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ ची निवडणूक जिंकून अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले. मराठी वाचकाला अमेरिका-मेक्सिको म्हटलं की पांडुरंग खानखोजे आठवतील. अशा लोकांवर चरित्रं लिहिली जातात, त्यांना काउंटीच्या दप्तराची फारशी गरज नसते. आपल्या सिंगकडे मात्र त्या दप्तराशिवाय दुसरं काही नाही. शीख आणि हिंदू पुरुषांचं दहन होई, त्यामुळे बऱ्याचदा थडगंही नाही. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणारा म्हणून मुलीचं नाव, आणि 'आईचं नाव' या रकान्यात 'माहीत नाही'. आजी कोण, हे त्या मुलीला कुणी सांगितलंच नसेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घटस्फोटाच्या फायली सार्वजनिक असतात आणि या लग्नांत घटस्फोट पुष्कळ झाले. त्यात मारहाणीचे, दारूचे, बाहेरख्यालीचे आरोप असतात. काहींच्या बाबतीत गावाकडे आधीची बायको होती, हेही कळतं. नातवंडं आज हयात आहेत. फाईल उघडायला परवानगी आहे म्हणजे ती नावानिशी छापायलाही आहे, असं मी मानत नाही. माझ्या प्रबंधात अशा फायलींतली नावं बदलायची आणि तारखांऐवजी फक्त दशक द्यायचं, हे मी मार्गदर्शकांशी बोलून पहिल्याच वर्षी ठरवलं. तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीचा फॉर्म हे विचारेलच असं नाही. तुम्ही स्वतःला विचारा.

शेवटी शोधाचा क्रम. मी उलटा जायला सांगेन. १९४६ मध्ये लूस-सेलर कायदा आला आणि हिंदुस्थानी माणसाला नागरिक होता येऊ लागलं. जे तोवर जगले, त्यांतल्या अनेकांनी अर्ज केले. त्या अर्जात जन्मगाव, अमेरिकेत कधी, कुठल्या बंदरात उतरला, बायको, मुलं, सगळं आहे, आणि दोन साक्षीदारही. तिथून १९५० च्या जनगणनेकडे या (ती १ एप्रिल २०२२ ला खुली झाली), मग १९४०, मग १९३०, मग मुलांचे जन्मदाखले, मग लग्न, मग १९१८ चं कार्ड. कॅलिफोर्नियात जन्म-मृत्यूच्या दाखल्याची 'माहितीपुरती' प्रत कुणालाही मागता येते, त्यावर ओळखीचा पुरावा म्हणून चालणार नाही असा शिक्का असतो. संशोधनाला तेवढी पुरते. प्रत्येक टप्प्यावर वहीत चार गोष्टी लिहा: नाव जसं लिहिलंय तसं, वंशाच्या रकान्यात काय, माहिती कुणी दिली, आणि शेजारी किंवा साक्षीदार कोण. दोन कागदांतला सिंग एकच आहे असं म्हणायला नाव आणि वय पुरत नाही. बायको, साक्षीदार, शेजारी, सही यांपैकी किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर ते दोन वेगळे सिंग समजून दोन वेगळी पानं करा.