मशरू : वर रेशीम, आत सूत

रमजानचे पंधरा रोजे झाले की शिंपी नवे काम घ्यायचे थांबतात. म्हणून कापडखरेदी आधीच उरकावी लागे. आता तयार कपड्यांमुळे ती घाई राहिली नाही. पण कापड चिमटीत धरून पारखण्याची सवयही गेली.

पूर्वी ही पारख नुसत्या टिकाऊपणाची नव्हती. हदीसनुसार मुस्लिम पुरुषाला शुद्ध रेशीम वर्ज्य आहे. मग अंगरख्याला रेशमाची झळाळी हवी असेल तर? तोड मागावरच निघाली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी की रेशीम वर दिसते, अंगाला मात्र सूत लागते. हनफी फिक्हमध्ये बाणा रेशमाचा नसेल तर असे कापड पुरुषाला चालते. त्याचे नावच मशरू, म्हणजे शरीअतला मान्य. गुजरातेत पाटणला ते विणले जाई. आपल्या औरंगाबादच्या हिमरूतही सूत आणि रेशीम एकत्र येतात, आणि हिमरूची शेरवानी तर मराठवाड्यात प्रसिद्धच. गंमत अशी, की एका धार्मिक नियमातून आलेले मशरू हिंदूंनीही आवडीने वापरले. कच्छच्या घाघऱ्यांत ते आजही दिसते.

हे कापड घेऊन शिंप्याकडे गेले की बोलणे कोणत्या शब्दांत व्हायचे? गज, अस्तर, खिसा, रफू हे अरबी-फारसीतून आलेले. बटणाचे काज पोर्तुगीजांकडून. नामदेव शिंपी समाजातला दुकानदार असो की मोमीनपुऱ्यातला दर्जी, शब्द हेच. वर्गात मी विचारतो, ‘अस्तर’ उर्दू की मराठी? दरवेळी दोन तट पडतात आणि तास संपेपर्यंत वाद चालतो.