वजा दोनचें गणित

परीक्षार्थ्यांकरितां लिहिलेल्या पुस्तकांचें परीक्षण करण्याची चाल आमच्याकडे फारशी नाहीं. असलें पुस्तक विद्यार्थी विकत घेतो, परीक्षा संपतांच रद्दींत देतो, आणि विद्वान् मंडळी त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. परंतु ज्या विद्येंत पदवीच्या जोडीला एखाद्या कंपनीचें प्रमाणपत्रहि नोकरीच्या बाजारांत मागितलें जातें, त्या विद्येंत हीं पुस्तकेंच पाठशाळा होऊन बसतात. संगणकांचीं जाळीं, म्हणजे नेटवर्क, जोडण्याची विद्या अशांपैकींच होय. सिस्को कंपनीनें 1993 सालीं सीसीआयई ही आपली श्रेष्ठ परीक्षा सुरू केली आणि 1998 सालीं आरंभींची सीसीएनए. ह्यांच्याभोंवतीं जें ग्रंथभांडार उभें राहिलें त्याची प्रत कशी ओळखावी, हें एका लहानशा वजाबाकीच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो. पत्त्यांच्या मोठ्या समूहाचे लहान भाग, म्हणजे सबनेट, कसे पाडावे ह्याचे नियम ऑगस्ट 1985 मध्यें मोगल व पोस्टेल ह्यांनीं आरएफसी 950 ह्या टिपणांत घालून दिले. पहिल्या, सर्व शून्यांच्या, सबनेटचा पत्ता आणि अखंड समूहाचा पत्ता दिसण्यांत एकच होतो. शेवटच्या सबनेटांतील सर्वांस द्यावयाची हांक तशीच अखंड समूहाच्या हांकेशीं जुळते. घोटाळा टळावा म्हणून हीं दोन्ही वर्ज्य ठरलीं. त्यावरून सूत्र निघालें: सबनेटांची संख्या काढा व तींतून दोन वजा करा. 256 पत्त्यांचे आठ भाग केले तर वापरावयाचे सहाच. चार केले तर दोनच, म्हणजे निम्मे पत्ते पाण्यांत!

सप्टेंबर 1993 मध्यें वर्गरहित पत्त्यांची पद्धति आली. तींत पत्त्याबरोबर त्याच्या विभागाची लांबीहि सांगतात. त्यामुळें सारख्या दिसणाऱ्या दोन पत्त्यांतील भेद उघड झाला. डिसेंबर 1995 च्या आरएफसी 1878 नें तर दोन वगळण्याची ही रीत कालबाह्य झाल्याचें स्पष्टच सांगितलें. सिस्कोच्या यंत्रप्रणालीनेंहि 12.0 ह्या आवृत्तीपासून शून्य सबनेटास आपण होऊन मुभा दिली. तथापि परीक्षेचीं पुस्तकें त्यानंतरहि कित्येक वर्षें वजा दोन शिकवीत राहिलीं, कारण परीक्षेंत पुष्कळदां तेंच उत्तर अपेक्षित असे.

ग्रंथकाराची कसोटी येथें लागते. खरें सांगावें तर शिष्याची फी बुडते. न सांगावें तर तोच शिष्य उद्यां कचेरींतील निम्मे पत्ते फुकट घालवितो. परीक्षेंत काय लिहावें, यंत्रावर काय आढळेल आणि हा भेद कां, ह्यासाठीं ज्या पुस्तकानें तीन वाक्यें खर्चिलीं तें आमच्या मतें चांगलें. नुसतें सूत्र चौकटींत छापणारें पुस्तक टाकाऊ, मग त्यास शेंकडों सराव-प्रश्न जोडलेले असोत. कारण त्याच प्रकरणांत दुसरेंहि एक वजा दोन आहे. एका सबनेटांत यंत्रें किती बसतील हें काढतांना दोन पत्ते वगळावे लागतात, आणि तें आजहि खरें आहे. दोनच यंत्रांच्या सरळ दुव्यापुरता अपवाद 2000 सालीं झाला एवढेंच. ज्यानें कारण शिकून घेतलें नाहीं, त्याला ह्यांपैकीं कोणतें वजा दोन मेलें आणि कोणतें जिवंत आहे हें कसें कळावें? अप्पा बळवंत चौकांत जुनी आवृत्ति स्वस्तांत घेणाऱ्या विद्यार्थ्यानें प्रथम हेंच पान उघडावें.

स्टीव्हन्स ह्यांच्या 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड' (1994) ह्या ग्रंथास कोणत्याहि परीक्षेशीं कर्तव्य नव्हतें. प्रत्यक्ष तारेवरून जाणारे संदेश टिपून त्यांनीं ते पानावर मांडले. परीक्षेचा ग्रंथ ह्या उंचीस पोंचणें नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं जेफ डॉइल ह्यांच्या 'राउटिंग टीसीपी/आयपी'चा पहिला खंड (1998) पाहावा. तो सीसीआयईच्या उमेदवारांसाठींच निघाला. त्या परीक्षेचा प्रयोग तेव्हां दोन दिवस चाले, आणि मुद्दाम बिघडविलेलें नेटवर्क उमेदवारास सुधारावें लागे. डॉइल ह्यांच्या पुस्तकांतहि बिघाड शोधण्याचे पाठ आहेत. पर्याय निवडण्याच्या परीक्षांनीं मात्र निराळेंच वाङ्मय प्रसवलें: फुटलेल्या प्रश्नांचे संग्रह, ज्यांस 'ब्रेनडम्प' म्हणतात. त्यांचें परीक्षण आम्ही करीत नाहीं. चोरीच्या मालाची प्रत कोण पाहत बसतो?

सीसीआयईचा प्रयोग 2001 सालीं एका दिवसावर आला व बिघाड शोधण्याचा स्वतंत्र भाग गळाला. तो 2009 सालीं परत आणावा लागला. डॉइल ह्यांच्या खंडाची दुसरी आवृत्ति मध्यंतरीं, 2005 मध्यें, निघाली. तींत बिघाडांचे पाठ होतेच.